देव कुठलाही चालेल, तळात कोण ते बोला

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एक पाहुणे बोलायला आले होते. भला माणूस. आपल्याच बाजूचा. विषय होता धर्मस्वातंत्र्य. बोलता बोलता म्हणाले, धर्माच्या मोकळिकीवर उभी राहिलेली वसाहत बघायची तर अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड बघा. १६३६ साली रॉजर विल्यम्स नावाच्या एका हद्दपार पाद्र्यानं ती वसवली. ज्यानं त्यानं आपापला देव भजावा, सरकारनं मध्ये तोंड घालू नये. शेवटी म्हणाले, आपणही तेवढंच मागतोय.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

रात्री मात्र झोप लागेना. ‘तेवढंच’ हा शब्द डोक्यातून जाईना. तेवढंच? आपण फक्त तेवढंच मागतोय? मग पाळी सुटली की लायब्ररीत जाऊन बसायला लागलो. मी मॅट्रिक झालेला माणूस, इंग्रजी वाचायचं म्हणजे डिक्शनरी मांडीवर. एका पानाला अर्धा तास. पण वाचलं. आणि वाचून जे कळलं ते इथं मांडतोय. पाहुण्यांना खोटं पाडायला नाही. त्यांनी गोष्ट अर्धी सांगितली, उरलेली अर्धी मी सांगतो, एवढंच.

आधी त्या माणसाचं जे देणं लागतो ते देऊन टाकू.

इंग्लंडातले प्युरिटन लोक तिथल्या सरकारी चर्चला विटून अमेरिकेत आले. १६३० पासून बोस्टनच्या आसपास त्यांनी मॅसॅच्युसेट्सची वसाहत वाढवली. शाळेच्या पुस्तकात लिहितात, धर्मस्वातंत्र्यासाठी आले. खरंय. पण कोणाच्या? फक्त त्यांच्या. सून असताना रडलेली बाई सासू झाली की पहिली काठी सुनेवरच उगारते, तसं यांचं झालं. देवाला न जाणं गुन्हा, वेगळं बोलणं गुन्हा. अॅन हचिन्सन नावाची बाई घरात बायका-पुरुष जमवून धर्मावर बोलायची, पाद्र्यांच्या चुका काढायची. तिच्यावर १६३७ साली खटला चालवून तिला वसाहतीबाहेर हाकललं. क्वेकर पंथाचे लोक आले तर त्यांना फटके, कान कापणं, आणि हद्दपार करूनही परत आले तर फाशी. मेरी डायर ही क्वेकर बाई पुन्हा पुन्हा परत आली. १६६० च्या १ जूनला बोस्टनमध्ये तिला फासावर लटकवलं. धर्म स्वतःचा होता तोवर स्वातंत्र्य पाहिजे होतं. सत्ता स्वतःची झाली तेव्हा फक्त धर्म उरला. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

रॉजर विल्यम्स १६३१ साली या लोकांत आला. केंब्रिजला शिकलेला, भाषांचा नाद असलेला. बोस्टनच्या चर्चनं नोकरी देऊ केली ती यानं नाकारली, आणि मग दोन गोष्टी उघड बोलायला लागला. एक, माणसाचा देवाशी काय व्यवहार आहे त्याचा न्याय न्यायाधीशानं करू नये. चोरी-मारामारी बघावी, पूजा बघू नये. दोन, इंग्लंडच्या राजानं इंडियनांची जमीन कागदावर सही करून गोऱ्यांना दिली, ती त्यानं कुठल्या हक्कानं दिली? जमीन राजाच्या बापाची होती का? ज्यांची आहे त्यांना विचारलं का?

ही दुसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवा, दोस्तांनो. पाहुण्यांनी पहिली सांगितली, दुसरी सांगितली नाही. पण मॅसॅच्युसेट्सच्या कारभाऱ्यांना दोन्ही सारख्याच झोंबल्या होत्या. १६३५ च्या ऑक्टोबरात त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. १६३६ च्या जानेवारीत जहाजावर घालून इंग्लंडला पाठवायचा बेत कळला तेव्हा हा भर बर्फात पळाला. त्या थंडीत त्याला आसरा दिला तो वाम्पनोआग लोकांनी. त्यांचा प्रमुख मॅसासॉइट. पुढं नॅरागॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनोनिकस आणि मियांटोनोमी यांनी जागा दिली. तिथं प्रॉव्हिडन्स गाव वसलं. विल्यम्सनं पुढं स्वतःच कबूल केलंय की ही जागा पैशानं मिळाली नाही, त्या लोकांच्या मायेनं मिळाली.

म्हणजे धर्मस्वातंत्र्याची ही वसाहत उभी राहिली ती कोणाच्या जिवावर? ज्यांना गोरे लोक ‘रानटी’ म्हणत होते त्यांच्या. ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती माणसांनी बर्फात हाकलला आणि बिगरख्रिस्ती माणसांनी चुलीपाशी बसवला.

त्यानं त्यांची भाषा शिकली. १६४३ साली लंडनला त्या भाषेचं पुस्तक छापलं, प्रकरणाच्या शेवटी कविता घालून. कवी म्हणून मला याचं कौतुक आहे, ते मी लपवत नाही. दुसऱ्याची भाषा शिकणारा माणूस निदान त्याच्या तोंडाकडं बघतो. १६४४ साली त्यानं धर्मछळाविरुद्ध जाडजूड पुस्तक लिहिलं, ते इंग्लंडच्या पार्लमेंटनं जाळायला लावलं. ज्यू असो, मुसलमान असो, देव न मानणारा असो, कोणावर धर्माची जबरदस्ती नको, हे तो तेव्हा लिहीत होता. १६६३ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं ऱ्होड आयलंडला सनद दिली. त्यात लिहून दिलं की नागरी शांतता मोडत नसेल तर धर्माच्या मतावरून कोणालाही त्रास द्यायचा नाही. बोस्टनचे मार खाल्लेले क्वेकर तिथं येऊन राहिले. ज्यू आले; न्यूपोर्ट गावात १६७७ साली त्यांनी दफनभूमीला जागा घेतली, १७६३ साली सिनेगॉग उघडलं, ते अजून उभं आहे. ही थोडीथोडकी गोष्ट नाही. मेरी डायरला विचारा थोडकी होती का.

म्हणून धर्मस्वातंत्र्य म्हणजे गोऱ्यांचं नाटक, असं म्हणून मी हात झटकणार नाही. आपल्यातले काही पोरं तसं म्हणतात. चूक आहे ते. फासाचा दोर आणि मोकळी मान यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं क्रांतीच्या गप्पा मारू नयेत.

आता जहाजाची गोष्ट.

१६५५ साली प्रॉव्हिडन्समधले काही लोक म्हणायला लागले, आमचा आत्मा स्वतंत्र आहे, मग आम्ही सरकारचंही का ऐकावं? पहारा-बिहारा करणार नाही. तेव्हा विल्यम्सनं गावाला एक पत्र लिहिलं. त्यात त्यानं समाजाला जहाजाची उपमा दिली. एका जहाजावर कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, ज्यू आहेत, तुर्क म्हणजे मुसलमान आहेत. कोणालाही जहाजाच्या प्रार्थनेला जबरदस्तीनं उभं करायचं नाही. कोणाला त्याच्या स्वतःच्या प्रार्थनेपासून अडवायचं नाही. पण जहाज कुठं न्यायचं ते कप्तान ठरवणार, शिस्त तो ठेवणार, भाडं ज्यानं त्यानं भरायचं, आणि खलाशांनी काम करायचं.

हुशार उपमा आहे. ज्यानं आयुष्यात समुद्र बघितला नाही तोही ती वाचून डोलेल.

पण मी गोदीत काम करतो. जहाज दिसलं की माझी नजर डेकवर जात नाही, फाळक्यात जाते. पोटात काय आहे, किती वजन आहे, उतरायचं तर हवा आहे का, खाली आधीच कोणी गुदमरून पडलंय का, हे आम्ही पहिलं बघतो. डेकवर कोण कुठल्या देवाचं नाव घेतोय याचं आम्हाला काय? जहाज डेकवर चालत नाही. जहाज चालतं ते तळातल्या मालासाठी. माल नसेल तर कप्तानही नाही आणि प्रार्थनाही नाही.

विल्यम्सच्या जहाजाला तळ नाही. पत्रात सगळे डेकवर उभे आहेत. तळात कोण आहे, हा सवालच त्याच्या पत्रात नाही. आणि पुढच्या दीडशे वर्षांत ऱ्होड आयलंडच्या खऱ्या जहाजांच्या तळात काय भरलं गेलं ते बघितलं की अंगावर काटा येतो.

आधी जमिनीचं बोलू. तीही तळातलीच.

ज्या मॅसासॉइटनं १६३६ च्या थंडीत विल्यम्सला आसरा दिला, त्याचा मुलगा मेटाकॉम. गोरे त्याला किंग फिलिप म्हणायचे. गोऱ्यांची गावं वाढत गेली, गुरं पिकात घुसत गेली, जमिनीचे कागद होत गेले. १६७५ साली मेटाकॉमनं युद्ध पुकारलं. नॅरागॅन्सेट लोक आधी त्यात नव्हते. तरी १९ डिसेंबर १६७५ ला मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेटिकटच्या फौजा ऱ्होड आयलंडच्या हद्दीत शिरल्या आणि दलदलीतल्या त्यांच्या किल्ल्याला आग लावली. शेकडो माणसं मेली. बायका, म्हातारी, पोरं. ज्यांच्या मायेनं प्रॉव्हिडन्स वसलं, तीच ही माणसं.

मग २९ मार्च १६७६ ला त्यांनी प्रॉव्हिडन्स जाळलं. विल्यम्सचं घरही जळालं. तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला, आणि गावच्या शिबंदीचा कप्तान. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पकडलेल्या इंडियनांची वाटणी करायला गावानं जी समिती नेमली तिच्यात रॉजर विल्यम्स होता. कैद्यांना ठराविक वर्षांच्या बांधील चाकरीत विकलं. किती वर्षं राबायचं ते वयावर ठरलं. पोर जेवढं लहान, तेवढी जास्त वर्षं. आलेला पैसा गावकऱ्यांत हिश्शानं वाटला. चाळीस वर्षांपूर्वी १६३७ साली, पेक्वॉट लोकांचं गाव जाळून त्यांची कत्तल झाली तेव्हाही, पकडलेल्या पोरांपैकी एक पोर आपल्याला चाकरीला द्या, असं त्यानं मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला लिहिलं होतं.

मेटाकॉमला १२ ऑगस्ट १६७६ ला मारलं. त्याचं मुंडकं प्लिमथच्या गावात खांबावर कित्येक वर्षं टांगलं होतं. त्याचं पोर नऊएक वर्षांचं, कैदेत होतं. त्याला मारावं की विकावं यावर प्लिमथचे आणि बोस्टनचे पाद्री बायबलातले दाखले काढून चर्चा करत बसले. शेवटी १६७७ साली परमुलखात गुलाम म्हणून विकायला पाठवलं. मॅसासॉइटचा नातू. ज्याच्या आज्यानं धर्मस्वातंत्र्याच्या बापाला थंडीतून वाचवलं, तो.

यात विल्यम्सला राक्षस करायचं नाही मला. राक्षस असता तर बरं झालं असतं, गोष्ट सोपी झाली असती. तो चांगला माणूस होता. त्याच्या काळातल्या शंभर गोऱ्यांत उठून दिसेल असा. जमीन कोणाची हा सवाल त्यानंच पहिल्यांदा विचारला होता. पण तो सवाल पुढं त्यानं सोडून दिला आणि आत्म्याचा सवाल तेवढा धरून ठेवला. कारण आत्म्याच्या सवालाला पैसे लागत नाहीत, दोस्तांनो. जमिनीच्या सवालात घर जातं.

आता तळात उतरू.

न्यूपोर्टला चांगलं बंदर. धर्मावरून कोणी छळत नाही म्हटल्यावर तऱ्हेतऱ्हेचे व्यापारी जमले. वेस्ट इंडीजमधून उसाची मळी यायची. तीही गुलामांनी पिकवलेल्या उसाची. न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्सच्या भट्ट्यांत तिची रम व्हायची. रमची पिंपं घेऊन जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायची. रम देऊन माणसं घ्यायची. माणसं वेस्ट इंडीजला आणि अमेरिकेच्या दक्षिणेला विकायची. तिथून पुन्हा मळी. चाक फिरत राहिलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८०७ पर्यंत ऱ्होड आयलंडमधून गुलामांच्या व्यापाराच्या नऊशेहून जास्त फेऱ्या झाल्या. एक लाखाहून जास्त आफ्रिकी माणसं त्या जहाजांनी उचलली. आपल्या एका जिल्ह्यापेक्षाही लहान प्रदेश तो! सनदेत धर्मस्वातंत्र्य लिहिलेला.

आकडा मोठा झाला की माणूस दिसत नाही. म्हणून एकच जहाज सांगतो. नाव ‘सॅली’. १७६४ च्या सप्टेंबरात प्रॉव्हिडन्सहून निघालं. मालक ब्राऊन घराण्यातले चार भाऊ. त्यांचा पूर्वज चॅड ब्राऊन हा विल्यम्सच्या वेळेपासूनचा प्रॉव्हिडन्सकर, तिथल्या बॅप्टिस्ट मंडळीचा पाद्री. कप्तान इसेक हॉपकिन्स. जहाजात सतरा हजार गॅलनहून जास्त रम. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नऊ-दहा महिने काढून त्यानं १९६ माणसं घेतली. वीसेक तर किनारा सोडायच्या आधीच मेली. निघाल्यावर आठवड्याभरात तळातली माणसं उठली. हो, उठली! साखळदंडातली माणसं कप्तानावर चालून गेली. गोळ्या घालून आठजण मारले. त्यानंतर रोज कोणी ना कोणी मरत गेलं. कोणी अन्न सोडलं, कोणी समुद्रात उडी टाकली, कोणी तापानं. एकूण किमान १०९ मेली.

हे सगळं कसं माहीत? कप्तानाची हिशेबवही शिल्लक आहे. त्यात मेलेल्या माणसांची नोंद आहे. नाव नाही, आकडा. अमुक तारखेला एक बाई मेली, तिच्यापुढं नंबर. एक पोरगा मेला, त्यापुढं पुढचा नंबर. गोदीत आम्ही फुटलेल्या गोणींची नोंद अशीच ठेवतो.

आणि आता हे ऐका. त्याच १७६४ साली, ‘सॅली’ निघण्याच्या काही महिने आधी, ऱ्होड आयलंडमध्ये एका कॉलेजला सनद मिळाली. त्या सनदेत लिहिलं की इथं विद्यार्थ्याला धर्माची अट लावायची नाही. त्या काळाला फार पुढची गोष्ट! त्या कॉलेजच्या उभारणीत हेच ब्राऊन भाऊ. पुढं १८०४ साली त्याला त्यांच्याच घराण्याचं नाव मिळालं. आज ते ब्राऊन युनिव्हर्सिटी म्हणून जगभर मशहूर आहे. ‘सॅली’चा सगळा हिशेब २००६ साली त्या युनिव्हर्सिटीनंच स्वतःच्या अहवालात छापला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. आपल्याकडं कोणी छापलाय का?

एका हातानं सनद लिहिली, धर्म विचारू नका. दुसऱ्या हातानं हिशेबवही लिहिली, नंबर एकशे नऊ. दोन्ही हात एकाच घरातले. यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. का वाटलं नाही, हा माझा सवाल आहे.

माझं उत्तर असं. धर्मस्वातंत्र्य एकटं ठेवलं, जमिनीपासून, श्रमापासून, अंगापासून तोडून ठेवलं, की ते मालकांचं आपसातलं समझोतापत्र होतं. तू तुझ्या देवाचं बघ, मी माझ्या देवाचं बघतो, धंद्यात आड येऊ नको. कॅथलिकानं प्रोटेस्टंटाचं विचारायचं नाही, ज्यूनं क्वेकराचं विचारायचं नाही, आणि तळाचं तर कोणीच विचारायचं नाही. बोस्टनमध्ये फासावर गेलेल्या मेरी डायरच्या पंथाचे लोक न्यूपोर्टमध्ये व्यापारी झाले आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी गुलाम ठेवले. स्वतःच्या आत्म्यासाठी मान दिली, दुसऱ्याच्या मानेत पट्टा घातला.

कायदा नव्हता असंही नाही. १६५२ सालीच प्रॉव्हिडन्स आणि वॉरिक या गावांनी ठराव केला होता की काळा असो गोरा असो, कोणालाही दहा वर्षांवर बांधून ठेवायचं नाही. कागदावर केला. पाळला कोणी नाही. शंभर वर्षांनी न्यूपोर्टमध्ये पाचसहा माणसांत एक माणूस काळा होता, आणि त्यातले बहुतेक गुलाम. देवाच्या कायद्याला पहारेकरी होते. माणसाच्या कायद्याला नव्हते.

आणि गुलामानं धर्म बदलला तर? मालकांना भीती होती की बाप्तिस्मा घेतलेल्या गुलामाला ख्रिस्ती भाऊ म्हणून सोडावं लागेल. तेव्हा खाली व्हर्जिनियाच्या वसाहतीनं १६६७ साली सरळ कायदाच केला. बाप्तिस्मा घेतला तरी गुलामगिरी सुटत नाही. आत्मा स्वर्गात जाऊ दे, अंग मळ्यातच राहील.

हे वाचलं आणि मी डिक्शनरी मिटली. हा कायदा मला ओळखीचा वाटला. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरलं की हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत धरायचं नाही. शिखांना १९५६ साली घेतलं. आपण ५६ ला बुद्धाकडं गेलो, आपल्याला त्यासाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले दलित अजून बाहेर. जात धर्मांतरानंतरही पाठ सोडत नाही, गाव तुम्हाला जुन्याच नावानं ओळखतं. सवलत तेवढी सुटते. व्हर्जिनियावाल्यांनी निदान तोंडावर लिहिलं होतं. आणि १९६७ साली ओरिसानं, १९६८ साली मध्य प्रदेशनं धर्मांतराला वेसण घालणारे कायदे केले, त्यांना नाव काय दिलं? धर्मस्वातंत्र्याचा कायदा! नाव स्वातंत्र्याचं, काम कुंपणाचं. पुढं कित्येक राज्यांनी तोच कित्ता गिरवला.

अमेरिकेशी आपला संबंध उगाच जोडत नाही मी. जोतीबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती काळ्यांना गुलामीतून सोडवायला झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना कळलं होतं की तिथला तळ आणि इथला तळ एकच. आपल्या पँथरचं नाव १९७२ साली कुठून आलं ते सांगायला नको. त्यामुळं ऱ्होड आयलंडची गोष्ट आपल्याला परकी नाही. फक्त ती डेकवरून सांगायची की तळातून, एवढाच सवाल आहे.

बाबासाहेबांनी ती तळातून सांगितली. १९३५ साली येवल्याला धर्म सोडायची घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला बुद्ध स्वीकारला, हे आपण घोकतो. पण त्याच्या आधी १९२७ ला महाडला पाणी होतं. १९२८ ला महार वतनाचं बिल होतं. म्हणजे पिढीजात फुकट राबणुकीचा सवाल. १९३७ ला खोतीविरुद्धचं बिल होतं, म्हणजे जमिनीचा. पाणी, श्रम, जमीन, आणि मग धर्म. त्यांनी धर्मस्वातंत्र्य एकटं कधीच मागितलं नाही. म्हणून मी म्हणतो, पाहुण्यांचं ‘तेवढंच’ बाबासाहेबांच्या रस्त्यात बसत नाही. आपण विल्यम्सची पहिली गोष्ट मागतो, आणि त्यानं अर्ध्यात टाकून दिलेली दुसरीही मागतो.

यावर कोणी म्हणेल, पण शेवटी त्याच ऱ्होड आयलंडनं गुलामगिरी हटवलीच ना? क्वेकरांनी केलं ना? केलं. १७७३ साली क्वेकरांनी गुलाम ठेवायला बंदी केली. स्टीफन हॉपकिन्स, ‘सॅली’च्या कप्तानाचा भाऊ, वसाहतीचा माजी गव्हर्नर. एका गुलाम बाईला सोडत नाही म्हणून त्याला पंथातून काढून टाकलं. ‘सॅली’च्या चार मालकांपैकी एक, मोझेस ब्राऊन, त्यानं गुलाम सोडले, क्वेकर झाला आणि उरलेलं आयुष्य या धंद्याविरुद्ध लढला, सख्ख्या भावाविरुद्ध लढला. तो भाऊ जॉन ब्राऊन मात्र शेवटपर्यंत धंद्याची बाजू घेत राहिला. धर्म एकच, घर एकच. पण एकानं तळात डोकावून बघितलं, दुसऱ्यानं बघितलं नाही. १७८४ साली कायदा झाला. पण कसा? १ मार्च १७८४ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं पोर मोकळं. आई मात्र गुलामच. १७८७ साली गुलामांच्या व्यापारावरही बंदी आली, आणि धंदा त्यानंतर वीस वर्षं चोरून धूमधडाक्यात चालला. नॅरागॅन्सेट लोकांना तर १८८० साली राज्यानं कायदा करून जमात म्हणून पुसूनच टाकलं. नंतर शंभर वर्षं झगडून १९८३ साली त्यांनी केंद्र सरकारकडून पुन्हा मान्यता मिळवली. राज्याच्या अधिकृत नावात ‘प्लँटेशन्स’ हा शब्द होता. मुळात त्याचा अर्थ वसाहत. पण काळ्या माणसाच्या कानाला तो मळा आणि चाबूक. २०१० साली मतदारांनी तो काढायला नकार दिला. २०२० साली काढला. एक शब्द पुसायला एवढा काळ.

पण सगळ्यात मोठी गोष्ट या पुस्तकांत एका कोपऱ्यात सापडली. १७८० साली न्यूपोर्टमधल्या काळ्या माणसांनी स्वतःची संघटना काढली, आफ्रिकन युनियन सोसायटी. अमेरिकेतल्या काळ्यांच्या अशा संस्थांत ती पहिली मानतात. १७८४ चा कायदा अजून व्हायचा होता. ती संघटना काय करायची? आपल्या माणसांच्या जन्माच्या, लग्नाच्या, मरणाच्या नोंदी ठेवायची. मेलेल्याला नीट माती द्यायची. अडलेल्याला पैसे द्यायची.

वाचता वाचता थांबलो मी तिथं. कप्तानाच्या वहीत नंबर होते. या वहीत नावं होती. त्यातला एक माणूस, ऑकरामार मेरीकू, गोऱ्यांनी त्याचं नाव न्यूपोर्ट गार्डनर ठेवलेलं. गुलाम असतानाच संगीत शिकला, संगीत शिकवायचा, गाणी रचायचा. १७९१ साली लॉटरीच्या पैशानं त्यानं आपलं आणि घरच्यांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. स्वतःला विकत घ्यावं लागलं, त्या धर्मस्वातंत्र्याच्या गावात!

मला विचाराल तर ऱ्होड आयलंडमधलं खरं स्वातंत्र्य १६६३ च्या राजाच्या सनदेत नाही. ते ‘सॅली’च्या तळातून कप्तानावर चालून गेलेल्या माणसांत आहे, आणि ते १७८० च्या त्या वहीत आहे. राजानं दिलेली सनद मालकांनी वापरली. स्वतः लिहिलेली वही तळातल्यांनी वापरली.

म्हणून दोस्तांनो, पुढच्या अभ्यासवर्गात कोणी धर्मस्वातंत्र्यावर बोलला तर टाळ्या जरूर वाजवा. गरजेची गोष्ट आहे, बाबासाहेबांनी घटनेत ठेवलीय, आणि तिच्यावर हात टाकणाऱ्याशी आपण लढणारच. पण टाळ्या वाजवून झाल्या की उभं राहून एक सवाल विचारा. जहाज छान आहे साहेब, डेकवर सगळे आपापल्या देवाचं नाव घेतायत, तेही छान आहे. आता फाळका उघडा.

तळात कोण आहे?

जय भीम.